थर्मोस्टॅट नवा, हीटर गार

ट्रकचा जुना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडाच अडकला होता. इंजिन कितीही चालवा, टेंपरेचरचा काटा खालची रेघ सोडायला तयार नाही आणि हीटरमधून येणारा वारा जेमतेम कोमट. काम तसं सरळ: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) काढा, हाउसिंगचे बोल्ट सोडा, नवा थर्मोस्टॅट आणि नवं गॅस्केट बसवा, कूलंट भरा. झालं. काटा शहाण्यासारखा मध्यावर येऊन थांबला. आणि हीटर? आधी निदान कोमट तरी होता, आता पार गार.

अशा वेळी सल्ला देणारे सगळे एकच सांगतात: "नवीन थर्मोस्टॅट डुप्लिकेट निघाला, बदलून आण." माझ्याही मित्राने तेच ऐकवलं. मला हा सल्ला मुळातच पटत नाही. बहुतेक इंजिनांत हीटरचं पाणी रेडिएटरच्या वाटेने जातच नाही. हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, गरम पाणी एका पाइपाने डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलमध्ये जातं आणि दुसऱ्या पाइपाने वॉटर पंपाकडे परत येतं. थर्मोस्टॅटच्या हातात फक्त रेडिएटरचा दरवाजा. तो बंद असतानाही हीटरला पाणी मिळत राहतं. त्यामुळे काटाच वर चढत नसेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. काटा मध्यावर आणि हीटर गार, याचा अर्थ बहुधा पाणी तापलंय पण कॉइलपर्यंत पोहोचत नाही.

तरीही खात्री करायचीच असेल तर बसवण्याआधी थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगून तापवावा, तळाला टेकू द्यायचा नाही. अंगावर ८२ लिहिलं असेल तर त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. मी नवा पार्ट असा तपासल्याशिवाय बसवत नाही, म्हणून मित्राशी वाद घालायची हिंमत होती.

मग हात लावून बघितलं. केबिनच्या पुढच्या पत्र्यातून हीटरचे दोन पाइप आत जातात. इंजिन तापल्यावर, पंख्यापासून हात लांब ठेवून, दोन्ही चाचपायचे. दोन्ही गरम असतील तर पाण्याचा प्रश्नच नाही, आतली हवेची झडप किंवा तिची केबल बघायची. एक गरम, दुसरा गार असेल तर पाणी मध्येच कुठेतरी अडतंय. माझ्याकडे एक चटका देणारा, दुसरा थंडगार. शिवाय रेस दिली की डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज यायचा, क्षणभर ऊन वारा लागायचा आणि पाय उचलला की पुन्हा गार. एवढं ऐकल्यावर आणखी काही विचारायची गरज नव्हती. सिस्टिमने एअर धरली होती, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकली होती.

कारण जागेचं आहे. कूलंट काढलं की कॉइलही रिकामी होते, आणि ती बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच असते. झाकणातून काठोकाठ भरलं तरी वरची हवा वरच राहते. आयडलिंगला पंपाचा जोर त्या हवेला ढकलायला पुरत नाही, रेस दिल्यावर थोडा पुरतो. काही थर्मोस्टॅटच्या चकतीवर एक छोटी हलती पिन असते, ती भरताना हवा निसटावी म्हणूनच. ती बसवताना वरच्या बाजूला यायला हवी. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हे वेगळं सांगायला नको, पण उलटे बसवलेलेही बघितलेत मी.

हा नुसता पाय गारठण्याचा मामला नाही. टेंपरेचर सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असली तर काटा खोटं बोलतो आणि तेवढ्यात हेड तापून जातं.

हवा काढायला गाडी चढावर, तोंड वर करून उभी केली. इंजिन पूर्ण गार, झाकण उघडं, हीटरचा नॉब फुल गरमवर. हा नॉब लोक विसरतात. वाटेत व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत तो बंद असेल तर कॉइलमध्ये थेंबही जात नाही. ज्यांच्या इंजिनावर हवा काढायचा स्क्रू आहे त्यांचं नशीब चांगलं: तो सैल करून बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत भरत राहायचं. माझ्या ट्रकला हीटरच्या लाइनवर तसलं काही नाही. म्हणून वरच्या हीटर पाइपाची क्लिप सोडली, पाइप कॉइलवरून काढला आणि नरसाळ्याने त्यातूनच हळूहळू कूलंट ओतलं. कॉइलच्या मोकळ्या तोंडातून कूलंट बाहेर यायला लागल्यावर पाइप परत चढवला. मग इंजिन आयडलिंगला सोडून रेडिएटरचा वरचा पाइप अधूनमधून दाबत राहिलो. थर्मोस्टॅट उघडला तसे दोन-तीन मोठे बुडबुडे आले, पातळी एकदम खाली गेली, वरून भर घातली. झाकण लावेपर्यंत ब्लोअरमधून खरी ऊब यायला लागली होती.

झाकणाबद्दल एक. तापलेल्या इंजिनाचं ते उघडायचं नाही, घाई असली तरी. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाच्या दाबाखाली ते १२० च्या पुढेही न उकळता राहू शकतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

एवढं करूनही एक पाइप गारच राहिला तर कॉइल चोक आहे. जुन्या गाडीत कूलंट काढताना तळाचा गंज सुटतो आणि तिच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. दोन्ही पाइप काढून परतीच्या बाजूने कमी दाबाचं पाणी सोडायचं, बहुतेकदा लाल गाळ बाहेर पडतो. जोराचा दाब दिला तर कॉइल फुटते आणि ती बदलायला अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

पुढचे काही दिवस सकाळी गार इंजिनावर पातळी बघायची. उरलीसुरली हवा निघते तशी ती थोडी उतरते आणि थांबते. थांबलीच नाही, बुडबुडे येतच राहिले आणि गार इंजिन सुरू केल्याकेल्या वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल, तर हेड गॅस्केटमधून (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून) गॅस पाण्यात येतोय असं समजायचं आणि गाडी चालवणं बंद करून गॅरेज गाठायचं, तेही टोइंग करून.