दहा कामट्या आणि मूठभर कापूस

७ डिसेंबर, रविवार

चर्चमधून परत येताना बुरडाकडून कामट्या आणल्या. लागतात दहा, घेतल्या बारा, कारण तासताना एखादी हमखास फाटते. आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. नाताळआधीचे चारही रविवार आमच्याकडे आईच्या वेळेपासून वाटून दिलेले आहेत: पहिला जाळ्याजळमटांचा, दुसरा बाहेर टांगायच्या कागदी चांदणीचा, तिसरा फराळाचा, चौथा येशूजन्माच्या गोठ्याचा. मधली तीन वर्षं चांदणीचा रविवार रिकामाच गेला. विकतची आणली, खिळ्याला अडकवली, काम संपलं. दिसायला ती छानच होती. पण खळीचा वास नाही, घरभर कागदाचे तुकडे नाहीत, "त्यावर पाय देऊ नको रे" अशी ओरड नाही. डिसेंबर आला तरी घराला त्याचा पत्ता नव्हता. यंदा मुलाला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, हा रविवार माझा.

तो नववीत आहे आणि मी गणित शिकवते, त्यामुळे सुरुवात पट्टी-पेन्सिलीने झाली. ७५ सेंटिमीटरच्या दहा कामट्या, पाच-पाचचे दोन संच. पाच कामट्या एकमेकींवर अशा टाकायच्या की त्यांची टोकं दोन-दोन करून जुळतील आणि प्रत्येक टोकाला ३६ अंशांचा कोन येईल. आई हे नुसत्या नजरेने करायची आणि मग अर्धा तास कामट्या सरकवत बसायची. आम्ही खुणाच करून घेतल्या: प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २८.६ सेंटिमीटरवर एकेक, मधे उरतात १७.८. दुसऱ्या कामट्या बरोबर या खुणांवरून गेल्या पाहिजेत. मुलाने २८.६ ला १७.८ ने भागून पाहिलं, मग ४६.४ ला २८.६ ने. दोन्ही वेळा उत्तर १.६ च्या आसपास. हे सुवर्ण गुणोत्तर, साधारण १.६१८, त्याला पुस्तकात वाचून माहीत होतं. आज तो कामटीवर अंगठा ठेवून बराच वेळ त्या खुणेकडे बघत होता. मी काही बोलले नाही.

कामट्या एकीवरून, एकीखालून अशा गुंफल्या की त्या आपल्याच ताणाने एकमेकींना धरून ठेवतात, दोरा फक्त टोकांना लागतो. असे दोन सपाट तारे झाले की एकावर एक ठेवून पाचही टोकं घट्ट बांधायची. आणि मग शेवटचं काम, माझं सगळ्यात आवडतं. आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत चार-चार बोटं लांबीचे आधार उभे करायचे. पहिला आधार लावला की काही कळत नाही. तिसऱ्याला तारा फुगायला लागतो. पाचवा दाबून बसवला की कुरकुर आवाज होतो आणि जमिनीवर पडलेल्या काड्यांना एकदम पोट येतं. मुलगा "अरे!" म्हणाला. मीही त्याच्या वयाची असताना हेच म्हटलं असणार.

कागदाची चांदणी मुळात शाळेतच जन्माला आली, हे मला फार आवडतं. जर्मनीतल्या नीस्की गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मुलांच्या शाळेत, १८३० च्या दशकात, भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून अशी अनेक टोकांची चांदणी करून घेतली होती. पुढे ती घरोघरी गेली. आमची पाच टोकांची, साधी, आकाशकंदिलाची धाकटी बहीण. सामानही तेच: कामट्या, पतंगी कागद, मैद्याची खळ आणि खळीत किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून ती खळ मीच कालवते आणि भांडं वेगळं ठेवते.

१० डिसेंबर

शाळेतून परस्पर नागपूरच्या जुनी शुक्रवारीला, पतंगांच्या बाजारात गेले. संक्रांतीच्या पतंगांची तयारी सुरू झाली आहे, त्यामुळे कागदाला तोटा नाही. पांढरा आणि केशरी घेतला. लाल मुद्दाम टाळला, रात्री दिवा लागला की लाल काळपट दिसतो.

केशरी घ्यायचं कारण घरात आहे. काटोलहून दिरांनी संत्र्यांचा क्रेट पाठवला. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला हाती येणाऱ्या पिकाचं, हे शेवटाकडचं फळ. त्यातली वीसेक मी माळेसाठी बाजूला काढली. चकत्या कापून वाळवायच्या, दोऱ्यात ओवायच्या, मधूनमधून दालचिनीचा तुकडा. थंड देशांत ही माळ ओव्हनमध्ये वाळवतात. आपल्याकडे गच्ची आहे.

मात्र नागपुरी संत्रं या कामाला सहज तयार होत नाही. त्याची साल सैल. खायला जे सुख, तेच इथे अडचण: सुरी फिरवली की आतल्या फोडी सालीच्या कड्यातून निसटून हातात येतात. पहिली आठ संत्री अशीच गेली, मग घरात रस झाला. नंतर मी टणक, किंचित हिरवट झाक असलेली निवडली, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि ब्रेडच्या दातेरी सुरीने आडवी कापली. जाडी अर्धा सेंटिमीटर. याहून जाड ठेवली तर मधे ओल राहते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, हा गेल्या आठवड्यातल्या प्रयोगाचा धडा.

गच्चीवर खाटेला जुनी मच्छरदाणी ताणून त्यावर चकत्या पसरल्या. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या.

"काय करून राहिली वं?"

"संत्री वाळवून राहिली, काकू."

"खायाची संत्री काहून वाळवता बाप्पा?"

मी एक चकती उन्हासमोर धरून दाखवली. दहा फोडी, दहा पाकळ्यांसारख्या, मधून ऊन आरपार. काकू काही वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दवात ठेवू नको. रात्री आत घेत जाय." तेव्हापासून अंधार पडायच्या आत मी चकत्या खाली आणते. विसरले तर त्या हाक मारतात.

१४ डिसेंबर

फराळाचा रविवार. करंज्या झाल्या, अनारशांचं पीठ अजून हवं तसं नाही. थंडी वाढली. बाकी काही लिहायचं त्राण नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आज गोठा.

हिंगणघाटहून मावशीने पिशवी पाठवली. तिच्यात गेल्या हंगामाच्या पऱ्हाटीच्या काड्या आणि यंदाच्या वेचणीचा कापूस, सरकीसकट. भंडाऱ्याच्या एका सहशिक्षिकेने धानाचं तणस आणून दिलं. खोक्याला गोणपाट लावलं, पऱ्हाटीच्या काड्यांचं छप्पर केलं, खाली तणस पसरलं. मरिया, योसेफ आणि मेंढपाळ चितार ओळीतल्या एका कारागिराकडून आईने कधीकाळी घडवून घेतलेले. मरियेच्या पदराची किनार नऊवारीसारखी आहे. त्यावर आईने कधीच काही सांगितलं नाही, आणि मला ती तशीच हवी असते.

बैल आमच्याकडे नव्हता. तो काकूंनी आणला. त्यांच्या नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, वीतभर उंच, खाली चार चाकं. नातू आता पुण्याला असतो. नंदी माळ्यावर पडून होता. काकूंनी तेलाचा हात फिरवून, शिंगांना नवा लाल दोरा बांधून तो हातात धरून आणला. "याले बोजारा तरी भेटेल तुमच्याकडं," म्हणाल्या. बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन दारी आलेल्या मुलांना देतात तो खाऊ-पैसा. करंजी त्यांच्या हातात दिली. एक नंदीपुढेही ठेवली.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, बैलाचा मात्र उल्लेख नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं. त्याच्यापुढे खरी जनावरं होती. आमच्या गावाकडे बैल म्हटलं की हाच डोळ्यांपुढे येतो, चाकांचा, पोळ्याला ओढायचा. चाकं झाकायला मुलाने तणस पुढे सारलं. मी ते परत मागे केलं. दिसू देत चाकं.

मग कापसावरून आमचं थोडं वाजलं. छपरावर कापूस टाकून बर्फ करायचा, असं त्याचं म्हणणं. सगळीकडे चित्रांत तसंच असतं. बेथलेहेम डोंगरावरचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ७७५ मीटर उंच, तिथे कधीमधी बर्फ पडतोही. म्हणजे त्याचं अगदी चूक नव्हतं. पण मावशीच्या शेतातला, उन्हात वाकून वेचलेला कापूस बर्फ म्हणून उधळायला मन होईना. आम्ही दोघं बसलो आणि बोंडाबोंडातून सरकी काढली. हे काम सावकाशीचं. सरकीला तंतू घट्ट धरून असतात, ओढून सुटत नाहीत, बोटांनी फिरवत सोडवावे लागतात. तासाभरात ओंजळभर कापूस निघाला, वाटीभर सरकी. कापूस इतका हलका की श्वासाने हलत होता. मुलाने तो हातात घेतला आणि स्वतःच म्हणाला, "हा गव्हाणीत ठेवू ना, खाली तणस टोचेल."

छपरावर मग संत्र्यांची माळ गेली.

२३ डिसेंबर

आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा माझ्याकडे होता, मऊ पडलेला, निळा. त्याचं दुपटं शिवलं, तळहाताएवढं. चारी कडांना धावदोरा, मधे कापसाचा पातळ थर, जसं खऱ्या बाळासाठी शिवतात तसं. एका कडेला टाका थोडा वाकडा गेला, तो उसवून पुन्हा घातला.

संध्याकाळी चांदणी बाहेर टांगली. आत एलईडीचा छोटा दिवा. आई चाळीसचा बल्ब लावायची आणि कागद तापतो म्हणून दर तासाला हात लावून बघायची. मीही दोनदा हात लावून आले. केशरी उजेड काकूंच्या भिंतीपर्यंत जातो. त्या शाल गुंडाळून अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, चांदणीखालीच म्हणायचं.

गोठा तयार आहे. मरिया, योसेफ, दोन मेंढपाळ, चाकांचा नंदी. मधे गव्हाणी, तिच्यात कापूस दाबून केलेला खळगा. बाळ कपाटात आहे, दुपट्यात गुंडाळलेलं. उद्या रात्री चर्चमधून आल्यावर मुलगा ते ठेवणार आहे.