क्विंटलला अठरा किलो कमी

आमच्याकडे 'महादेवाला जाणे' म्हणजे पचमढी. शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घ्यायचा, चौरागडाच्या पायऱ्या चढायच्या, 'हर बोला हर हर महादेव' करत उतरायचं. माझ्या बानं ते गुडघे साथ देत होते तोवर दरवर्षी केलं. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात मी पारावर सांगितलं की महादेवाला चाललो, तर उत्तर आलं, "आता? काहून गा, शिवरात्र तं झाली!"

कैलासाला, म्हटल्यावर पार गप्प झाला. मग एकानं विचारलं, "डवरणी कोण करीन?"

प्रश्न रास्त होता. कैलास-मानसरोवर यात्रा जून ते ऑगस्ट चालते. म्हणजे आमची पेरणी, डवरणी (बैलांच्या डवऱ्यानं पिकातलं तण काढणं), निंदण, सगळं त्यातच. आणि तुकडी कोणती मिळेल ते आपल्या हातात नसतं. परराष्ट्र मंत्रालय ऑनलाइन अर्ज मागवतं आणि संगणकावर सोडत काढतं.

खरं तर मी २०२० सालीच जाणार होतो. त्यासाठी आदल्या वर्षी पासपोर्ट काढायला घेतला, तेव्हा कळलं की माझे वाढदिवस दोन आहेत. आमच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाचा जन्म १ जूनला लावलेला, आणि आधारवर १ जानेवारी. कोणता खरा, ते आईलाही माहीत नाही. "पऱ्हाटी फुटली होती तवा झाला तू," म्हणजे कपाशी फुटली तेव्हा, एवढीच नोंद तिच्याकडे. आधार दुरुस्त करायला तालुक्याला तीन चकरा, नागपूरला दोन. पासपोर्ट हातात आला आणि पाठोपाठ कोरोना आला. यात्रा बंद झाली ती पाच वर्षं. पासपोर्ट कोऱ्याचा कोरा कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलखाली.

२०२५ च्या जानेवारीअखेर यात्रा पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. मी नियम नीट वाचले. वय १८ ते ७०, ठीक. पासपोर्ट किमान सहा महिने चालू असलेला, ठीक. बीएमआय २५ किंवा कमी. हे काय असतं ते मुलीनं मोबाइलवर काढून दाखवलं: उंचीच्या मानानं वजन किती, त्याचं माप. माझा आला २९.

आमच्या गावात माणसाचं वजन करायची सोय उपकेंद्रात, आणि तिथला काटा माझं वजन दर वेळी वेगळं सांगायचा. म्हणून मी गेलो खेडा खरेदीवाल्याकडे. कापसाच्या गाठोड्याच्या जागी उभा राहिलो. ८२ भरलो. तो म्हणाला, "क्विंटलले अठरा किलो कमी." मला उतरायचं होतं सत्तरवर. तेव्हापासून दर सोमवारी त्याच काट्यावर. भोवती कापूस विकायला आलेले लोक, त्यांच्यासाठी फुकट करमणूक. एकदा पाऊण किलो घटलं, तर म्हणाला, "माल ओला होता, कटती लागली."

भात बंद, साखर बंद, आणि लग्नसराईत पंगतीत बसून फक्त वरण पिणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. बायको म्हणायची, लोकांना वाटते याला काही रोग झाला. पहाटे चारला कॅनॉलच्या रस्त्यानं आठ किलोमीटर चालायचो, कारण मे महिन्यात सात वाजल्यानंतर आमच्याकडे कुत्रंही चालत नाही. पाठीवर पिशवीत दहा किलो तूर. चढाव मात्र कुठून आणायचा? सपाट मुलूख आमचा. शेवटी गिरडची टेकडी धरली. रविवारी पाच-पाच वेळा वर-खाली.

सोडत मे महिन्यात निघाली. साडेपाच हजारांवर अर्ज, जागा ७५०. सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीमार्गे ५० जणांच्या दहा तुकड्या, उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीमार्गे पाच. मी लिपुलेख मागितला होता. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात, तर नाथू लाचा पावणेतीनच्याही वर. तरी घरातली सगळी तूर विकावी लागली, पाठीवरची धरून. माझी तुकडी जुलैची निघाली. पेरणी उरकून जाता आलं. डवरे धाकट्या भावाच्या गळ्यात.

दिल्लीत तपासणी झाली. वजन ६९.५. डॉक्टरला त्याचं काहीच वाटलं नाही, "पुढचा" एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं निदान एकदा वर तरी पाहील.

गाडीरस्ता आता लिपुलेखच्या दिशेनं बराच वरपर्यंत गेलाय. पूर्वी हे आठवडाभराचं चालणं होतं. सोपं झालं म्हणतात, पण शरीराला उंचीची सवय व्हायला लागणारे दिवस काही रस्त्यानं कमी होत नाहीत. म्हणून वाटेत गुंजी गावाला थांबवतात आणि आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, डॉक्टर पुन्हा तपासतात. तिथून माणसं परत पाठवतात. माझं बीपी वाढलेलं निघालं. "रात्री आराम करा, सकाळी बघू." रात्रभर मी जागाच. बीपी वाढेल या भीतीनं बीपी वाढत असणार. सकाळी उतरलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचं उतरलं नाही. त्यांनी मुकाट्यानं बॅग भरली आणि मला एवढंच म्हणाले, "मेरा भी प्रणाम बोल देना."

खिंड ओलांडली की चीनची वेळ, घड्याळ अडीच तास पुढे. तकलाकोट, मग दारचेन. कैलासाची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटर, तीन दिवस. पहिला दिवस सपाटीचा. देरापुकला पोचलो तर शिखर समोर, एवढं जवळ की मान वर करावी लागते. उंची ६,६३८ मीटर, त्यावर कोणी चढत नाही. त्या रात्री थंडीपेक्षा श्वासानं झोपू दिलं नाही.

परिक्रमेतली डोल्मा ला खिंड ५,६३० मीटरवर. नागपूर ३१० वर. तिथे छातीत निम्मीच हवा जाते. काळोखात निघालो. वीस पावलं, थांब. मग पंधरा. मग दहा. गिरडची टेकडी आठवली आणि हसू आलं, पण हसायलाही हवा लागते.

मला मागे टाकून एक तिबेटी म्हातारी गेली. लोटांगण घालत! हातात लाकडाच्या पट्ट्या, पोटावर चामड्याचा पट्टा. आडवी व्हायची, हात पुढे सरकवायची, उठून तिथवर चालायची, पुन्हा आडवी. मी थांबायचो, ती थांबत नव्हती. काही जण समोरूनही येत होते. ते तिबेटातल्या जुन्या बोन धर्माचे. त्यांची परिक्रमा उलटी. वाट तीच. खिंडीवर पताकाच पताका. पलीकडे खाली हिरवंगार गौरीकुंड. गुंजीहून परतलेल्या गृहस्थांचा नमस्कार तिथेच सांगितला, मोठ्यानं.

मानसरोवरात उतरू देत नाहीत. बादलीत पाणी काढून काठापासून लांब अंघोळ करायची. दोन तांबे अंगावर घेतले आणि तिसऱ्याची हिंमत झाली नाही. पाण्याचा रंग सांगत नाही, माझ्या फोटोंतही तो आलेला नाही. पलीकडेच राक्षसताल. त्याचं पाणी खारट, मानसरोवराचं गोड. मी गोडाची पाच लिटरची कॅन भरली.

पोळ्याला चार दिवस असताना घरी पोचलो. पऱ्हाटी कंबरेला लागली होती आणि भाऊ बोलत नव्हता. वाटायला छोट्या बाटल्या आणल्या होत्या, पण आईनं कॅन ओढून आपल्याकडे घेतली. खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याआधी बैलांचे खांदे शेकायच्या, संध्याकाळी तिनं हळद-तुपात चमचाभर पाणी टाकलं आणि ते घेऊन थेट गोठ्यात गेली.

"आधी त्याईले," ती म्हणाली. "डवरे त्याईनं वढले. तू तं फिरून आला."