खोका, विमान आणि वाघ

टीव्हीचा रिकामा खोका आज दुपारभर आमच्या जुळे सोलापुरातल्या हॉलमध्ये विमान झाला होता. भाची आतनं ओरडली, "मामा, वाकून बस, सिद्धेश्वर तलावावरनं चाललोय!" बसलो की लगेच!

लहानपणी पेपर आला की बातम्या बाबांच्या आणि चित्रपट्टीतला चिंटू माझा. १९९१ला 'सकाळ'मध्ये आलेला चिंटू आपल्याच गल्लीतला वाटायचा. 'कॅल्विन अँड हॉब्स'मधला छोटा कॅल्विन पुढं कॉलेजात भेटला. बिल वॉटरसन यांनी १९८५ ते १९९५ काढलेली ही चित्रमालिका, कॅल्विन आणि त्याचा वाघ हॉब्स यांची. मोठी माणसं चौकटीत आली की हॉब्स नुसतं कापडी खेळणं, कॅल्विन एकटा असला की जिताजागता वाघ, वाद घालणारा, अंगावर झेप घेणारा! खरा कोणता, ते वॉटरसन शेवटपर्यंत सांगत नाहीत. पोराला दिसतं ते खोटं ठरवायला ते तयारच नाहीत, आणि मला यातच त्यांचं मोठेपण वाटतं.