मोकळा साबुदाणा

मार्चमध्येही अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये जेनेसी नदीच्या काठाला बर्फ असतो. अशाच एका सकाळी इथल्या प्रयोगशाळेत मी बाहुली मोठी करणारे थेंब घालून, दातांत साचा चावून बसले होते. कवळीसाठी घेतात तसा माझ्या दातांचा ठसा त्यांनी आधीच घेतला होता. तो चावून धरला की डोकं हलत नाही. समोर अंधारात फिकट लाल चौकोन. त्याच्याकडे बघत राहायचं, एवढंच काम.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढायला त्यांना निरोगी डोळ्यांची माणसं हवी होती, म्हणून मी नाव दिलं. खरं कारण मामा. त्याला रातांधळेपणा लहानपणापासूनच, मग हळूहळू कडेचं दिसेनासं झालं. डॉक्टर सांगायचे, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी मरताहेत. मामा विचारायचा, "अहो, पण त्या पेशी कुणी बघितल्यात का?"

प्रश्न अगदी रास्त होता. डोळ्याचं बुबुळ आणि भिंग कधीच अगदी नितळ घडीव नसतं. पडद्यावरून परतणारा प्रकाश त्यातून बाहेर येताना विस्कटतो आणि बारीक तपशील पुसला जातो. ताऱ्यांचा प्रकाश हवेत असाच विस्कटतो. त्यावर वाकणाऱ्या आरशाचा उपाय खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये सुचवला होता. प्रकाश किती विस्कटलाय ते मोजायचं आणि आरसा नेमका उलट वाकवायचा, तेही सेकंदात कित्येकदा. १९९७ मध्ये डेव्हिड विल्यम्स, जुनझाँग लियांग आणि डोनाल्ड मिलर यांनी इथेच तो आरसा डोळ्यासाठी वापरला आणि जिवंत माणसाच्या एकेक शंकुपेशीचे, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशीचे, फोटो काढले. दोनच वर्षांत ऑस्टिन रूर्डा आणि विल्यम्स यांनी लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या पेशी वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. दोन माणसांत लाल-हिरव्यांचं प्रमाण फारच वेगळं निघालं, तरी दोघांनाही रंग व्यवस्थित दिसत होते! हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

संगणकाच्या स्क्रीनवर माझ्या डोळ्याचा पडदा उमटला. आधी नुसतं करडं धुकं. आरसा सुरू झाला आणि धुक्यातून दाणे वर आले, काळ्या ताटात पसरलेल्या भिजल्या साबुदाण्यासारखे, एकमेकांना खेटून तरी मोकळे. मी टक लावून बघत होते, तरी चित्र थरथरत होतं. नजर कधीच पूर्ण स्थिर नसते.

उपचाराने पेशी वाचताहेत का, हे आता असं मोजून बघता येतं.

फोटो मामाला पाठवला. मधोमध उरलेल्या एवढ्याशा नजरेत त्याने तो फोन हलवत हलवत पाहिला.

"यातला एक दाणा केवढा गं?"

"केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक, मामा."

"आणि माझे किती उरलेत, ते मोजतील का?"