मालवणला सर्व्हे डाइव्ह: आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

जानेवारीतल्या एका वीकेंडला आम्ही डाइव्हिंग क्लबचे ८ जण पुण्याहून मालवणला जाऊन आलो. काम एकच, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर १०० मीटरची टेप टाकून मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, मोजायचे. ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स झालेला नसेल किंवा बॉयन्सी, म्हणजे पाण्यात अधांतरी स्थिर राहणं, सांभाळता येत नसेल तर या कामाला येऊच नका. कोरलवर गुडघे टेकून मोजणी करणारे नकोत, १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे आणि कडक कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये येतं, म्हणजे थेट वाघाच्या रांगेत.

रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फोंडा घाटाने उतरलो, पोचलो, बांगडा खाल्ला, झोपलो.

आता मुद्दा. फोनवर ठरलेलं असं की शनिवारी साडेदहाला बोट, फक्त आमची. जेट्टीवर गेलो तर समोर टुरिस्टांची ही गर्दी, लाइफ जॅकेट घालून रांगेत. बोटवाला म्हणाला, "वायच थांबा, एक फेरी मारून इलंय." एकाच्या चार फेऱ्या झाल्या आणि आम्ही पाण्यात उतरलो दुपारी अडीचला. तुम्ही म्हणाल चार तास उशीर झाला तर काय एवढं, तर ऐका, त्या दिवशी पौर्णिमा होती. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा की भरतीची वेळ येते, १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. साडेदहाला उतरलो असतो तर पाणी भरून थांबलेलं मिळालं असतं, अडीचला उधाणाची ओहोटी ऐन जोरात आणि खाडीतला सगळा गाळ बाहेर येत असतो. हे बोटवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं माहिती असतं हो, पण टुरिस्टाला हात धरून पंधरा मिनिटं खाली फिरवायचं आणि ब्रेडवर आलेल्या माशांबरोबर फोटो काढायचा, त्याला तेवढं पाणी चालतं.

खोली जेमतेम ७ मीटर, पण दिसत होतं दीड मीटर. रीफ चेक या प्रवाळ खडकांच्या सर्व्हेच्या पद्धतीत टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरमधले मासे मोजायचे असतात, २० मीटरचे ४ तुकडे, मध्ये ५ मीटर सोडून. जिथे स्वतःच्या पायातली फिन दिसत नाही तिथे गोब्रा मासा काय दिसणार? पाटीवर मी पहिल्या तुकड्यात "२ बटरफ्लाय, १ बहुतेक पोपट मासा" असं लिहून आलोय, यातला बहुतेक हा शब्द सर्व्हेत चालत नाही. तिसऱ्या तुकड्यात टेप अडकली म्हणून हाताने चाचपत गेलो तर जुनं नायलॉनचं जाळं, पोराइट्स या कडक कोरलच्या टोपलीएवढ्या गोळ्यावर गुंडाळलेलं, त्याखालचं कोरल पांढरं पडलेलं आणि जाळ्यात एक खेकडा, एकच नांगी उरलेली, ती माझ्यावर उगारून बसलेला. दोघांनी कात्रीने धागा धागा कापला, उपसून ओढलं नाही, ओढलं की कोरलही तुटून येतं. तेवढ्यात टाकीतल्या हवेचा दाब ६० बारवर, कारण टाकी दिलेलीच १५० बारची! २०० सांगितलेली. वर आल्यावर वजनाच्या पट्ट्याचे माणशी ३०० रुपये वेगळे मागितले, म्हटलं बाबा वजनाशिवाय आम्ही काय तरंगत मोजणार होतो का. भांडून भांडून शेवटी १५०.

तेव्हा गेज लावून टाकीचा आकडा बोटीत चढायच्या आधी बघा, वर बसून वाद घालण्यात अर्थ नाही. वजनं, पट्टा भाड्यात धरलेत हे मेसेजवर लिहून घ्या. चाकूपेक्षा बोथट टोकाची कात्री न्या. ३ मिमीचा वेटसूट पुरतो.

रविवारी दुसरी बोट केली, पावणेबाराला उतरलो, ५ मीटर दिसत होतं, सगळं छान झालं. फक्त टुरिस्ट पॉइंटच्या जवळ टेप टाकू नका, आमच्या मोजणीत सार्जंट मेजर नावाचे मासे इतके आले की रीफ एकदम ठणठणीत वाटावा, ते सगळे ब्रेडचे गिऱ्हाईक. आणि डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका, डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं, विमानाला १८ तास थांबतो तसंच हे, त्यामुळे सोमवारची रजा धरूनच निघा.

माझं मत विचाराल तर उधाणात जायचंच नाही, भांगाचे दिवस पकडायचे, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं-उतरतं आणि गाळ कमी हलतो. आमची पुढची ट्रिप अष्टमीला ठरलीय, नेमका मंगळवार येतोय. दोघांना आत्तापासूनच कणकण जाणवायला लागलीय.