शिकेन अजून फाटेच फोडतेय

घरी फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीच्या सर्किटचा १:३२ प्रमाणातला स्लॉट-कार ट्रॅक बनवतोय; फळीत कोरलेल्या खाचेतून (स्लॉट) विजेवरच्या छोट्या गाड्या धावतात. त्यातल्या म्युल्सानच्या सरळ पट्ट्यावरची पहिली शिकेन, म्हणजे वेग मोडणारी नागमोडी वळणं, रविवारपर्यंत उरकतो, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. उरकली. आणि नवव्या फेरीला जग्वार एक्सजेआर-१२ डीस्लॉट होऊन, म्हणजे खाचेतून निसटून, थेट वॉशिंग मशीनखाली.

आधी संशय गाइडवर, म्हणजे खाचेत फिरणाऱ्या गाडीखालच्या पात्यावर. बदलला. मग ब्रेड (ट्रॅकवरून वीज उचलणाऱ्या तारांच्या वेण्या), मग मागचे टायर. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी मोबाइलवर स्लो-मोशन काढलं. उजव्या वळणात शेपूट डावीकडे झुलते, आणि ती परत येत असतानाच स्लॉट डावीकडे वळतो. दोन्ही झोके एकाच दिशेला, की गाइड बाहेर! मी दोन वळणं एकमेकांना चिकटवून कोरली होती. नवा एमडीएफ (दाबीव लाकडी बोर्ड) घेतला, मध्ये गाडीच्या लांबीएवढा, १५ सेंमीचा सरळ तुकडा ठेवून पुन्हा राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) फिरवला. चाळीस फेऱ्या, एकदाही बाहेर नाही. तेही गाडीला ट्रॅकवर धरून ठेवणारा मॅग्नेट न लावता, बरं का!

स्लॉटलगत वीज नेणारी तांब्याची टेप मात्र रडवतेय. ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. वळणावर सुरकुतते, दुसऱ्या दिवशी कडा उचलते. टेपमध्ये काटकसर करू नका.

गोंद वाळेपर्यंत फ्रेंच शब्दकोश चाळला. 'शिकाने' म्हणजे क्षुल्लक हरकती काढून खटला लांबवणं, कज्जेदलाली. आपलं फाटे फोडणं! त्यावरून अडथळ्यांची नागमोडी वाट, आणि तिथून शर्यतीत. काहींच्या मते मूळ फारसी चौगानात, म्हणजे पोलोसारख्या खेळाच्या नावात, आहे. सगळ्यांना ते पटत नाही, मला मात्र मोह होतो. इटालियन मोंझात शिकेनला 'वारियांते' म्हणतात. त्यात ही मजा नाही.

ल माँला हे फाटे १९९० साली फुटले. दोन किलोमीटरांहून लांब सरळ रस्ता नियमात बसेना, म्हणून सुमारे सहा किलोमीटरांच्या पट्ट्यावर दोन शिकेन. (१:३२ मध्ये तो पट्टा १८७ मीटर होतो. माझ्याकडे साडेचार.)

हे लिहितानाच सुचलं, शिकेनची फळी सुटी का ठेवू नये? १९८८ ला डब्ल्यूएम पूजोने ताशी ४०५ किमी गाठले ते शिकेन नसतानाच. सरळ फळी बसवली की १९८९ ची विजेती सॉबर सी-९, शिकेनची बसवली की १९९० ची विजेती जग्वार. फक्त सांध्यावर स्लॉट आणि तांबं केसाइतकंही सरकता कामा नये. बोल्टने भागणार नाही, लाकडी डोवेल (खुंट्या) लागतील. उद्या हार्डवेअरवाल्याकडे ८ मिमीचे बघतो. दुसरी शिकेन तोवर पेन्सिलीतच.