अर्ध्याला अकरा मते कमी

महसूल खात्यातल्या नोकरीत मी लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्या निवडणुकांची कामे केली आहेत; परंतु मतदानाच्या नियमांचा मी सर्वांत खोलवर विचार केला तो एकही उमेदवार नसलेल्या एका मतदानामुळे. मराठवाड्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात देशी दारूचे परवानाधारक दुकान चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा कौल गावातल्या बायका देणार होत्या आणि नायब तहसीलदार म्हणून त्या दिवसाची जबाबदारी माझ्याकडे होती.

राज्य शासनाच्या 2008 सालच्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले, की सह्यांची पडताळणी होते आणि त्या खऱ्या ठरल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानातले बहुमत मात्र पुरत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मतदानाला न आलेली बाई, मग ती आजारी असो, परगावी असो किंवा या जगातच नसो, हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जाते.

मतदान जानेवारीत होते आणि जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्या उन्हाळा लागल्यावरच परततात, त्यामुळे गावातल्या कित्येक घरांना कुलपे होती. तरीही अर्जदार बायकांनी फोन करकरून काही जणींना बोलावून घेतले होते, आणि त्या मुकादमाची परवानगी काढून, एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून रात्रभराचा प्रवास करून आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या बोटाला शाई लावताना मी तिचा हात जवळून पाहिला. उसाच्या पाचटाने कापलेल्या रेघा मनगटापर्यंत गेल्या होत्या आणि नखाशेजारच्या चिरेत शाई उतरल्यावर तिने हात किंचित मागे घेतला, पण तोंडातून शब्द काढला नाही. शिक्का मारून, घडी घालून तिने मतपत्रिका पेटीत टाकली आणि तशीच एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत मोजणी सुरू झाली. एका मतपत्रिकेवर दुकानाच्या बाजूच्या प्रतिनिधीने हरकत घेतली, कारण दोन्ही चित्रांवर शिक्क्याची खूण दिसत होती आणि ते मत बाद करावे, अशी त्यांची मागणी होती. मी ती मतपत्रिका दिव्याखाली धरून सगळ्यांना दाखवली. आडव्या बाटलीवरची खूण गडद आणि सरळ होती, तर उभ्या बाटलीवरची फिकट आणि उलटी होती, म्हणजे ओली शाई घडी घातल्यावर पलीकडे उमटली होती. बाणफुलीच्या शिक्क्याची रचनाच अशी असते, की मूळ ठसा कोणता आणि घडीमुळे उमटलेला कोणता, हे वेगळे ओळखता यावे. मत वैध धरले. दुसऱ्या एका मतपत्रिकेवर शिक्का नेमका दोन चित्रांमधल्या रेषेवर बसला होता. ते मत बाद केले, आणि त्या वेळी अर्जदार बायकांचे चेहरे उतरले.

मोजणी संपली तेव्हा आडव्या बाटलीला उभ्या बाटलीच्या पाचपटीहून अधिक मते होती, परंतु यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून अधिक होण्याला अकरा मते कमी पडली होती. मी निकाल वाचून दाखवला आणि दुकान चालू राहील, असे जाहीर केले.

पुढे बसलेल्या एका बाईंनी उठून विचारले, "मॅडम, आमच्या सासूबाईंना जाऊन तीन वर्सं झाली. त्यांचं नाव अजून यादीत हाय. त्या काय दुकान चालू ठेवा म्हणून सांगाया आल्या व्हत्या का?" त्यांच्यामागून एकेक जण नावे सांगू लागली: वारलेल्या सासवा, लग्न होऊन परगावी नांदायला गेलेल्या लेकी, कोयत्यावर गेलेल्या जावा. दुकानाच्या बाजूचे लोक म्हणाले, की नियम निवेदन देण्याच्या आधीपासून होता, तो सर्वांना माहीत होता, आणि अकरा मते जास्त पडली असती तर आम्हीही तो निमूट मान्य केलाच असता.

दोन्ही बाजू खरे बोलत होत्या आणि त्यामुळेच त्या खोलीत निर्णयावर ठाम राहणे मला जड गेले. तरीही मी ठाम राहिले. नियम मतदानाआधी ठरलेला होता आणि मतदार यादी दोन्ही बाजूंना सारखीच होती. आकडे कळल्यानंतर मोजमाप बदलायचे ठरवले, तर पुढच्या वेळी हरणारी प्रत्येक बाजू तेच मागेल. ब्रिटनमध्ये 2016 साली 51.9 टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल मिळाला, तेव्हा विजयी बाजूला 60 टक्के मते नसतील आणि मतदान 75 टक्क्यांहून कमी असेल तर फेरमतदान घ्यावे, अशा मागणीच्या निवेदनावर 40 लाखांहून अधिक सह्या झाल्या. ते निवेदन मुळात मतदानापूर्वी, आपली बाजू हरेल असे वाटत असताना, संघ सोडण्याच्याच एका समर्थकाने सुरू केले होते. निकालानंतर सह्या केल्या त्या मुख्यत्वे दुसऱ्या बाजूने. मागणीत तथ्य असेलही, पण तिची वेळ निघून गेली होती.

मात्र निकाल मान्य करणे म्हणजे नियम योग्य असल्याचे मान्य करणे नव्हे, आणि हे मी त्या बायकांनाही सांगितले. स्कॉटलंडमध्ये 1 मार्च 1979 रोजी स्वतःच्या विधिमंडळासाठी सार्वमत झाले. झालेल्या मतदानापैकी 51.6 टक्के मते बाजूने पडली, परंतु एकूण मतदारांपैकी 40 टक्के लोकांनी होकार दिला पाहिजे अशी अट होती आणि तो आकडा 32.9 टक्क्यांवरच अडला. तिथेही वारलेल्या आणि दोन ठिकाणी नाव असलेल्या मतदारांचा वाद झालाच होता. पुढे 1997 साली ती अट न ठेवता पुन्हा सार्वमत घेतले, 74.3 टक्के लोकांनी होकार दिला, आणि 1999 मध्ये तिथे संसद सुरू झाली. मधली 18 वर्षे निष्कारण गेली असे मला वाटते, परंतु 1997 च्या कौलावर कोणी बोट ठेवू शकले नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, यावर 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल घेतला गेला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि विरोधाचे दोन पाने. सरकारी यंत्रणेचा वापर एका बाजूसाठी होऊ नये म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे सरकार मतदानापूर्वीच पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत नव्हते, हा सल अनेकांना होता. तरीही 34,021 मतांनी हरलेल्या बाजूने निकाल स्वीकारला आणि त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत बांदोडकर केंद्रशासित प्रदेश असलेल्या गोव्याचे पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदानाआधी सत्ता सोडली गेली होती, म्हणून निकालानंतर तो मानणे हरलेल्यांना शक्य झाले, असे माझे मत आहे.

आमच्या गावात मतदानाआधी जे व्हायला हवे होते, ते झाले नव्हते. मी निकालाच्या अहवालासोबत वरिष्ठांना स्वतंत्र टिपण पाठवले. अशा मतदानापूर्वी यादीतली मृतांची आणि स्थलांतरितांची नावे पडताळून वगळावीत, आणि ऊसतोडीच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते एप्रिल या काळात हे मतदान घेऊ नये, असे त्यात लिहिले. निम्म्याची अट एकूण नावांवर ठेवायची असेल, तर यादी तेवढी खरी असण्याची जबाबदारी शासनाने घ्यायला हवी. ती घेता येत नसेल, तर किमान मतदानाची अट घालून झालेल्या मतांतले बहुमत धरावे, हेही लिहिले.

त्या रात्री बायका लगेच घरी गेल्या नाहीत. नावे वगळण्याचा नमुना 7 कुठे मिळतो, त्यासोबत मृत्यूच्या नोंदीचा उतारा कोण देतो, सासरी गेलेल्या लेकीचे नाव तिकडच्या यादीत चढवायला काय लागते, हे त्यांनी मला एकेक करून विचारले. बचत गटाच्या हिशेब लिहिणाऱ्या मुलीने सगळे वहीत उतरवून घेतले. याद्या दुरुस्त झाल्याशिवाय आणि टोळ्या गावात परतल्याशिवाय पुन्हा निवेदन द्यायचे नाही, असे त्यांनी तिथेच ठरवले.